कॅलिफोर्निया: नवी गाडी १४ महिन्यांत पाच वेळा दुरुस्तीला गेली, लेमन लॉखाली दावा करावा का?

अबोली | ५ ऑक्टोबर २०२५

नमस्कार. आम्ही फ्रीमाँटला राहतो. ऑगस्ट २०२४ मध्ये एक नवी कोरी एसयूव्ही ४२,००० डॉलरला घेतली. कंपनीचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण प्रश्न कंपनीचा नसून पुढे काय करावे याचा आहे.

पहिल्या ३,६०० मैलांतच इंजिनाचा पिवळा दिवा लागून गाडीची ताकद एकदम गेली. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की दिवा जातो आणि चार-सहा आठवड्यांनी तोच प्रकार पुन्हा घडतो. आजवर पाच वेळा गाडी डीलरच्या सर्व्हिस विभागात दिली असून तिथे ती एकूण ३७ दिवस पडून होती. एकदा सॉफ्टवेअर अद्ययावत केले, दोनदा सेन्सर बदलला आणि दोनदा 'तक्रार आढळून आली नाही' असे लिहून गाडी परत दिली.

गेल्या महिन्यात नाशिकहून आलेल्या आईला घेऊन आम्ही लिव्हरमोरच्या शिव-विष्णू मंदिरात निघालो होतो. ६८० महामार्गावर सुनोलचा चढ चढताना ताशी ६५ मैलांचा वेग पाहता पाहता २५ वर आला. मागून ट्रक येत होते. मी धोक्याचे दिवे लावून गाडी कडेला घेईपर्यंत आईने पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती. ती काही बोलली नाही, परंतु त्यानंतर ती त्या गाडीत बसलेली नाही.

आता कंपनीच्या ग्राहक विभागाने 'सद्भावना' म्हणून तीन वर्षांची वाढीव वॉरंटी आणि दोन महिन्यांचे हप्ते देऊ केले आहेत. त्यासाठी एका कागदावर सही हवी आहे. हे स्वीकारावे की लेमन लॉखाली, म्हणजे सदोष गाड्यांबाबतच्या ग्राहक कायद्याखाली, गाडी परत करण्याचा दावा करावा? गाडी आज १३,४०० मैल चालली आहे.

खडकवासला | ५ ऑक्टोबर

माझ्या मते वाढीव वॉरंटी घ्यावी. कायद्याच्या वाटेला गेले की वर्ष-दीड वर्ष मनस्ताप होतो. एखादा सेन्सर आज ना उद्या सापडेलच.

मिलपिटासचे_काका | ५ ऑक्टोबर

अबोलीताई, सर्वांत आधी एक विनंती: त्या कागदावर आज सही करू नका. त्यात 'या दोषाबाबतचे सर्व दावे सोडून देत आहे' अशा अर्थाचे वाक्य आहे का, ते शोधा. असल्यास दोन हप्त्यांच्या बदल्यात तुम्ही संपूर्ण गाडीच्या किमतीवरचा हक्क सोडून देत आहात.

मी २०१९ मध्ये गिअरबॉक्सच्या दोषामुळे यातून गेलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कॅलिफोर्नियाचा मूळ कायदा १९७० चा सॉन्ग-बेव्हरली कायदा आहे. वॉरंटीत असलेली गाडी 'वाजवी संख्येच्या' प्रयत्नांत दुरुस्त करता आली नाही, तर उत्पादकाने ती बदलून द्यावी किंवा पैसे परत करावेत, असे तो सांगतो. वाजवी म्हणजे किती, यावर वाद होऊ नये म्हणून नंतर टॅनर कायद्याने एक गृहीतक घालून दिले. ताबा मिळाल्यापासून १८ महिने किंवा १८,००० मैल, यांपैकी जे आधी संपेल त्या मुदतीत जिवावर बेतू शकेल अशा दोषासाठी दोन किंवा अधिक प्रयत्न, त्याच एका दोषासाठी चार किंवा अधिक प्रयत्न, अथवा दुरुस्तीसाठी एकूण ३० पेक्षा जास्त दिवस गाडी अडकून पडणे, यांपैकी एक गोष्ट घडली तरी प्रयत्न पुरेसे झाले असे धरले जाते. तुम्ही १४ महिने आणि १३,४०० मैलांवर आहात, ३७ दिवस झालेले आहेत आणि पाच खेपा झालेल्या आहेत. या मुदतीबाहेर गेलेल्या माणसालाही दावा करता येतो, फक्त त्याला गृहीतकाचा आधार मिळत नाही. तुम्हाला तो आज मिळतो आहे आणि मुदत फेब्रुवारीत संपते.

आता माझी चूक सांगतो. माझ्या दुसऱ्या खेपेला सर्व्हिस अॅडव्हायझर म्हणाला, 'काम काहीच केले नाही, तर कागद कशाला?' मीही मान डोलावून घरी आलो. पुढे कंपनीने ती खेप मोजलीच नाही. गाडी आत गेल्याची तारीख, बाहेर आल्याची तारीख, दोन्ही वेळचे मायलेज आणि तुमच्या शब्दांतली तक्रार, एवढे ज्या रिपेअर ऑर्डरवर (डीलरच्या दुरुस्ती-नोंदीच्या कागदावर) आहे ती खेप सहज सिद्ध करता येते. 'तक्रार आढळून आली नाही' असे लिहिलेला कागदही टाकून देऊ नका. गाडी तुम्ही आणून दिली होती आणि ती दुरुस्त झाली नाही, हे त्यातून सिद्ध होते. आज रात्री पाचही रिपेअर ऑर्डर टेबलावर मांडा आणि प्रत्येकीत या चार गोष्टी आहेत का, ते पाहा.

लिंबूटिंबू | ५ ऑक्टोबर

आपण नव्या गाडीच्या चाकांखाली लिंबू ठेवतो आणि पुढे लिंबू-मिरची बांधतो. अबोलीताईंना चाकाखाली ठेवण्याआधीच डीलरने अख्खे लिंबू दिलेले दिसते! असो. सदोष वस्तूला 'लेमन' म्हणण्याची अमेरिकन बोलीची रीत जुनी आहे, पण त्या नावाचा पहिला राज्य कायदा १९८२ मध्ये कनेटिकटने केला. तुमच्या आईंना या सगळ्यात त्रास झाला, याचे वाईट वाटले.

यंत्रवेडा | ६ ऑक्टोबर

मी इंजिन नियंत्रणाच्या क्षेत्रात काम करतो. थोडा वेगळा सूर लावतो, गैरसमज नसावा. वर्णनावरून ही गाडी 'लिम्प मोड'मध्ये जाते आहे. कुठल्यातरी सेन्सरकडून विसंगत आकडा आला की संगणक इंजिन वाचवण्यासाठी ताकद मर्यादित करतो. गाडी पुन्हा सुरू केल्यावर आकडा ठीक आला, तर मर्यादा उठते. तंत्रज्ञाच्या हाती गाडी येते तेव्हा ती निरोगी असते, त्यामुळे 'आढळून आले नाही' हे प्रत्येक वेळी टाळाटाळीचे लक्षण नसते. दोनदा सेन्सर बदलूनही दोष राहिला आहे, तेव्हा माझा संशय वायरिंगवर किंवा कनेक्टरवर आहे. उष्णतेने आणि हादऱ्याने संपर्क सुटणारा कनेक्टर शोधणे फार चिकाटीचे काम आहे. चढावर इंजिन तापते आणि भार वाढतो, तिथेच हे घडले ही गोष्टही त्याला धरूनच आहे. म्हणून मी म्हणेन की कंपनीच्या क्षेत्रीय अभियंत्याकडून एकदा तपासणी करून घ्यावी.

दिवा लागेल तेव्हा संगणक त्या क्षणाची नोंद साठवतो: वेग, इंजिनाचे फेरे, तापमान, भार. बॅटरी काढली किंवा संगणकातले बिघाडाचे कोड पुसले की ही नोंद जाऊ शकते. त्यामुळे बाहेरच्या गॅरेजमध्ये कोड पुसून घेऊ नका आणि डीलरने घेतलेल्या स्कॅनची छापील प्रत दर वेळी मागा.

रानमोगरा | ६ ऑक्टोबर

यंत्रवेडा, तुमचे निदान बरोबर असेलही, पण सहावा प्रयत्न कोणाच्या जिवावर करायचा? महामार्गावर वेग चाळीस मैलांनी पडणे हा सुरक्षिततेचा दोष आहे. दोष शोधणे अवघड आहे, हे ओझे कायद्याने ग्राहकाच्या डोक्यावर ठेवलेले नाही.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला असतो. इथला नियम वेगळा आहे: दोन वर्षे किंवा २४,००० मैल, त्यात तीन प्रयत्न किंवा एकूण २० दिवस. त्यानंतर उत्पादकाला पोचपावतीच्या टपालाने शेवटची नोटीस द्यायची आणि दुरुस्तीसाठी अखेरचे दहा दिवस द्यायचे. तरीही दोष राहिला, तर राज्याच्या ग्राहक विभागातील लेमन लॉ कक्षाकडे अर्ज करता येतो. शुल्क ५० डॉलर आहे. आम्ही वकील केला नव्हता. माझ्या नवऱ्याने एका वहीत तारीखवार नोंदी ठेवल्या होत्या आणि सुनावणीत ती वहीच सर्वांत जास्त वेळ वाचली गेली. कॅलिफोर्नियातही स्वतःच पत्र लिहावे, असे मी सुचवेन.

मिलपिटासचे_काका | ६ ऑक्टोबर

रानमोगरा, वहीचा मुद्दा मोलाचा आहे. वकिलाबाबत मात्र मी सहमत नाही. कॅलिफोर्नियात खरेदीदार जिंकला तर त्याच्या वकिलाची वाजवी फी उत्पादकाने भरायची असते, त्यामुळे बहुतेक वकील तुमच्याकडून आगाऊ काही घेत नाहीत. करारपत्र मात्र नीट वाचावे. उत्पादकाकडून फी घेऊन शिवाय तुमच्या रकमेतही टक्केवारी मागणारा वकील नको. माझे प्रकरण तडजोडीने मिटायला ११ महिने लागले, तेव्हा यात वेळ जातो हे खडकवासला यांचे म्हणणे मला मान्य करावे लागेल. पण त्या ११ महिन्यांत मला फक्त चार वेळा कागदपत्रे द्यावी लागली.

दुसरा मार्ग राज्याने मान्यता दिलेल्या लवादाचा आहे, तुमचा उत्पादक त्यात सहभागी असेल तर. त्याला पैसे पडत नाहीत. निर्णय तुम्ही स्वीकारला तर तो उत्पादकाला बंधनकारक होतो, तुम्हाला मात्र नाकारता येतो. तरी हे फुकट आहे म्हणून सहज करून पाहू नका, कारण विरोधात गेलेला निर्णय पुढे न्यायालयात पुरावा म्हणून मांडला जाऊ शकतो.

सह्याद्रीवारा | ७ ऑक्टोबर

मी सॅन होजेत याच प्रकारचे कायद्याचे काम करते. हा सल्ला नव्हे, सर्वसाधारण माहिती आहे. काकांच्या २०१९ च्या अनुभवानंतर कायद्यात मोठा बदल झालेला आहे आणि तो लक्षात न घेतल्यास नुकसान होईल.

२०२४ मध्ये विधेयक १७५५ मंजूर झाले आणि २०२५ च्या दुरुस्तीने ते ज्या उत्पादकांनी स्वतःहून स्वीकारले त्यांनाच लागू झाले. अशा उत्पादकांची यादी राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या संकेतस्थळावर आहे. अबोली, पहिले काम म्हणजे तुमचा उत्पादक त्या यादीत आहे का ते पाहणे. असल्यास वॉरंटी संपल्यापासून एक वर्षाच्या आत दावा दाखल करावा लागतो आणि गाडीचा ताबा मिळाल्यापासून सहा वर्षांपलीकडे तो करताच येत नाही. शिवाय उत्पादकाने जाणूनबुजून टाळाटाळ केली म्हणून नुकसानीच्या दुपटीपर्यंत दंड मागायचा असेल, तर दाव्याच्या किमान ३० दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. तीत तुमचे नाव, गाडीचा व्हिन (ओळख) क्रमांक, दोषाचा आणि दुरुस्त्यांचा सारांश आणि पैसे परत देण्याची किंवा गाडी बदलण्याची स्पष्ट मागणी हवी. नोटिशीनंतर ३० दिवस गाडी विकू नये. उत्पादकाने ३० दिवसांत परतावा देऊ केला आणि ६० दिवसांत व्यवहार पूर्ण केला, तर दंडाचा दावा उरत नाही, पण तुमचे पैसे कोर्टाची पायरी न चढता मिळतात. ही तरतूद मला स्वतःला खरेदीदारांवर अन्यायाची वाटते, कारण पूर्वी दंडाची जी भीती होती ती कमी झाली आहे. तरीही ज्याच्याकडे कागद पूर्ण आहेत त्याला ती लवकर सोडवू शकते.

किती मिळते? भरलेली आगाऊ रक्कम, हप्ते, विक्रीकर, नोंदणी शुल्क, तसेच टोइंगसारखे आनुषंगिक खर्च मिळतात आणि उरलेले कर्ज फेडले जाते. त्यातून वापराची वजावट होते. वजावट आजच्या मायलेजवर होत नाही, त्या दोषासाठी गाडी प्रथम दुरुस्तीला दिली तेव्हाच्या मायलेजवर होते. तो आकडा १,२०,००० ने भागून किमतीने गुणायचा. ३,६०० मैलांचे तीन टक्के होतात, म्हणजे ४२,००० वर १,२६० डॉलर. आज १३,४०० मैलांनी हिशोब केला तर तोच आकडा ४,६९० होतो. म्हणून पहिल्या खेपेचा कागद सर्वांत मौल्यवान आहे.

अबोली | ८ ऑक्टोबर

सर्वांचे मनापासून आभार. सही केलेली नाही. त्या कागदाच्या दुसऱ्या पानावर दावे सोडून देण्याचे वाक्य खरोखरच आहे. आमचा उत्पादक यादीतही आहे.

काल रात्री पाचही रिपेअर ऑर्डर मांडल्या. चार ठीक आहेत. पहिलीवर मात्र फक्त 'ग्राहकाच्या विनंतीवरून सॉफ्टवेअर अद्ययावत केले' एवढेच लिहिले आहे. दिवा, ताकद जाणे, काहीच नाही. मी त्या माणसासमोर उभी राहून सगळे सांगितले होते. आता काय करावे?

मिलपिटासचे_काका | ८ ऑक्टोबर

वेळ घेताना फोन केला होता की संगणकावरून? संगणकावरून घेतली असेल तर भेटीचे कारण लिहावे लागते आणि त्याची ईमेल येते. ती शोधा. सर्व्हिस विभागाशी झालेले मोबाइलवरचे संदेशही पाहा.

सातमाळा | ९ ऑक्टोबर

थोडे विषयांतर, पण संबंधित आहे. मी सॅक्रामेंटोला दोन वर्षे वापरलेली गाडी घेतली असून तिची कंपनीची वॉरंटी अजून शिल्लक आहे. मला हा कायदा लागू होतो का?

सह्याद्रीवारा | ९ ऑक्टोबर

गाडी बदलून देण्याची किंवा पैसे परत देण्याची नव्या गाडीसाठीची तरतूद तुमच्या वापरलेल्या गाडीला आता लागू होत नाही. ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी रॉड्रिगेझ प्रकरणात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की केवळ मूळ वॉरंटी शिल्लक आहे म्हणून वापरलेली गाडी 'नवी' होत नाही. विकताना डीलरने स्वतःची लेखी वॉरंटी दिली असेल, तर त्याची जबाबदारी वेगळी आहे आणि १९७५ चा मॅग्नसन-मॉस हा संघराज्याचा कायदाही आहे. लेमन म्हणून परत घेतलेली गाडी पुन्हा विकताना तिच्या मालकीपत्रावर तसा शिक्का मारावा लागतो आणि चालकाच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवर चिकटपट्टी लावावी लागते. आपल्या गाडीचे ते दार उघडून एकदा पाहा.

भीमथडी | १० ऑक्टोबर

हे वाचताना पुण्यात बसून हेवा वाटला. भारतात गाड्यांसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जावे लागते. ५० लाखांपर्यंत किंमत मोजलेली गाडी असेल तर जिल्हा आयोग, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. शुल्क अगदी कमी आहे, दहा ते वीस लाखांच्या गाडीला ४०० रुपये. मुदत दोन वर्षांची. अडचण पुढे येते. किती खेपा झाल्या की पुरे, हे कायदा सांगत नाही, त्यामुळे दोष उत्पादनातलाच आहे हे तज्ज्ञाच्या अहवालाने सिद्ध करावे लागते आणि सुटा भाग बदलून भागत असेल तर पूर्ण गाडी बदलून मिळणे कठीण होते. २००९ मध्ये हैदराबादेत विकल्या गेलेल्या एका महागड्या गाडीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने ५० लाख रुपये भरपाईचा आदेश दिला तो जुलै २०२४ मध्ये. माझ्या भावाच्या गाडीची तक्रार तीन वर्षे चालू आहे आणि आठ जॉब कार्डांपैकी पाचांवर 'जनरल चेकअप' एवढेच लिहिलेले आहे. म्हणून काकांचा कागदाचा मुद्दा इकडच्या वाचकांनीही मनावर घ्यावा. जॉब कार्डावर सही करण्याआधी तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या, मराठीत लिहिली तरी चालेल.

यंत्रवेडा | १० ऑक्टोबर

रानमोगरा यांच्या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. त्यांचे बरोबर आहे. दोष शोधायला मजा येते, म्हणून मी गाडीच्या बाजूने विचार करत होतो, गाडीत बसलेल्या माणसांच्या बाजूने नाही. अबोलीताई, नोटिशीत 'दिवा लागतो' असे लिहू नका. 'महामार्गावर ६५ वरून २५ मैलांपर्यंत वेग आपोआप पडला' असे तारीख आणि ठिकाणासह लिहा.

अबोली | १५ ऑक्टोबर

ईमेल सापडली! पहिल्या भेटीची वेळ संगणकावरूनच घेतली होती आणि कारणाच्या रकान्यात मी लिहिले होते: इंजिनाचा दिवा लागला, गाडी वेग घेत नाही. काल नोटीस ईमेलने आणि पोचपावतीच्या टपालाने, अशा दोन्ही प्रकारे पाठवली. यंत्रवेडा यांनी सांगितले तसेच वाक्य लिहिले आहे. सोबत पाच रिपेअर ऑर्डर, ती ईमेल आणि खेपांचा एक पानी तक्ता जोडला.

खडकवासला | १५ ऑक्टोबर

माझा पहिला सल्ला मी मागे घेतो. पुढे काय होते ते नक्की कळवा.

अबोली | २८ नोव्हेंबर

चोविसाव्या दिवशी, म्हणजे ७ नोव्हेंबरला उत्तर आले. गाडी परत घ्यायला ते तयार होते. मात्र वजावट २,४१५ डॉलर धरली होती. हिशोब उलटा करून पाहिला तर ६,९०० मैल निघाले, म्हणजे त्यांनी दुसऱ्या खेपेपासून मोजले होते. पहिल्या रिपेअर ऑर्डरवर तक्रार नाही हेच कारण दिले. मी ती ईमेल पुन्हा पाठवली, भेटीची तारीख आणि पहिल्या रिपेअर ऑर्डरची तारीख एकच आहे हे दाखवले आणि सह्याद्रीवारा यांनी मांडलेले गणित लिहिले. सहा दिवसांनी सुधारित पत्र आले, त्यात वजावट १,२६० आहे. सही करण्याआधी ते पत्र एका वकिलाकडून तपासून घेतले. २ डिसेंबरला गाडी द्यायची आहे आणि कर्ज परस्पर फेडले जाणार आहे.

रानमोगरा | २८ नोव्हेंबर

वाचून फार आनंद झाला. देताना दोन्ही किल्ल्या द्या, मायलेजचा फोटो काढा आणि ताबा दिल्याची पावती हातात आल्याशिवाय तिथून निघू नका. गाडीच्या पडद्यावरून तुमचे फोन आणि घराचा पत्ता पुसून टाका.

मिलपिटासचे_काका | २८ नोव्हेंबर

आणि काचेवरचा फास्टट्रॅकचा टॅग काढून घ्या. मी विसरलो होतो. दोन महिने दुसऱ्याचा पुलाचा टोल माझ्या खात्यातून जात होता.

अबोली | २९ नोव्हेंबर

टॅग आणि डॅशबोर्डवरचा गणपती दोन्ही काढून घेतले. विमा कंपनीलाही आजच कळवते. आई १० डिसेंबरला नाशिकला परत जाते आहे, तिला विमानतळावर नेण्यासाठी भाड्याची गाडी ठरवली आहे.